दारातली पाचवी खुंटी

टेप नंतर, खडू आधी, अशी मिस्त्रींची कामाची रीत होती. दारातली खोली आखायची म्हटली की बाकीचे सुतार मापं घेत, कागदावर रेघा ओढत. मिस्त्री घरातल्या सगळ्यांना बाहेर काढत आणि सांगत, "रोज येता तसे एकेक करून आत या. मी इथे नाहीच असं समजा." माणूस आत येई. पिशवी टांगायला त्याचा हात आपसूक जिथे जाई तिथे भिंतीवर खडूची फुली पडे. चपला जिथे निघत तिथे फरशीवर पावलांची रेघ. फुलीवर खुंटी, रेघेपाशी चपलांचा खण. "जीभ खोटं बोलेल, हात बोलणार नाही," हे त्यांच्या उस्तादाचं वाक्य. उस्तादाने आणखी एक गोष्ट बजावली होती. माणसं मोजून खुंट्या ठोकायच्या, एकही जास्त नाही. का ते सांगितलं नव्हतं, आणि विचारायची मिस्त्रींची तेव्हा छाती नव्हती.

वळणावरच्या एका घरात चार माणसं. शाळेत शिकवणारी बाई, बस चालवणारा तिचा नवरा, नवऱ्याचे वडील आणि सात वर्षांची लेक. तिला सगळे चिमणी म्हणत. घर घेऊन दोनच महिने झाले होते. दार उघडलं की आठ फूट लांब, पाच फूट रुंद अशी चिंचोळी खोली. त्यात चपला, छत्र्या, हेल्मेट, दप्तर यांचा नुसता उकिरडा.

"पसाऱ्याचं जाऊ द्या," बाई म्हणाली. "चिमणी या दारातून येतच नाही. वळसा घालून मागच्या गल्लीने स्वयंपाकघरात येते. ती गल्ली ट्रकांची आहे, मिस्त्री. परवा एक ट्रक हातभर अंतरावरून गेला. मी खिडकीत होते, ओरडायलासुद्धा आवाज फुटला नाही. तिला या दारातून यावंसं वाटेल असं काहीतरी करा. माझं काम एवढंच आहे."

मिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून चिमणीसमोर वाकले. "काय गं, दार चावतं का तुला?"

"दार नाही चावत. आत ते उभे असतात."

"कोण ते?"

"ओले असतात. कपडे टांगायला त्यांना जागाच नाहीये. म्हणून उभे असतात."

"हिच्या गोष्टी!" आजोबा हसले. "मला बघून घाबरली असेल. या वयात मीच आरशाला घाबरतो."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले आणि बोलून गेले, "एवढंच ना? मग त्यांनाही एक खुंटी देऊ."

दुपारी खडू निघाला. नवरा आला, हेल्मेट टांगायला हात उंच गेला. बाई आली, पिशवी खांद्याच्या उंचीवर. आजोबांचा हात छातीशीच थांबला. चिमणी डोळे गच्च मिटून, मिस्त्रींचं बोट धरून आली आणि दप्तर टेकवून पळाली. भिंतीवर चार फुल्या, फरशीवर पावलांच्या चार जोड्या. मिस्त्री आत चहा घ्यायला गेले. दहा मिनिटांनी परत आले, तर फुल्या पाच होत्या.

पाचवी कोपऱ्यात होती आणि इतकी उंच, की टाचा उचलूनही त्यांची बोटं तिथे पोचेनात. खडू दाबून भिंतीत रुतवलेला. खाली फरशीवर रेघ नव्हती, ओलसर ठसे होते. चपला काढताना माणूस भिंतीकडे तोंड करतो, बाकीच्या चारही जोड्या तशाच होत्या. हे ठसे उलटे होते. टाचा भिंतीला लावलेल्या आणि बोटं घराच्या दिशेने.

"आजोबा, पुरे झाली चेष्टा," मिस्त्री आत डोकावून म्हणाले.

"कसली चेष्टा? माझा हात खांद्याच्या वर जात नाही. तुम्हीच बघितलंत ना मघाशी?"

नवरा केव्हाच ड्युटीवर गेला होता. मिस्त्रींनी ठसे फडक्याने पुसले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गेले तीन महिने पावसाचा थेंब नव्हता. नळ फुटला असेल कुठेतरी, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फुली मात्र पुसली नाही. पोरीला शब्द दिला होता. आणि हात खोटं बोलत नाही, हेही होतंच.

आठ दिवसांत काम उभं राहिलं. बसून बूट काढायला बाक, बाकाखाली खण, छत्र्यांना पत्र्याचं भांडं, वर झरोका पाडून उजेड घेतला. भिंतीवर पाच खुंट्या. पाचवी ठोकताना स्टूल लागलं. पहिल्या दिवशी चिमणी उंबऱ्यात थांबली, कोपऱ्याकडे बघितलं आणि खुदकन हसून आत आली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींना वाटलं, उस्तादाचं सगळंच काही खरं नसतं.

चौथ्या दिवशी बाईचा निरोप आला. "लगेच या."

बाकाची कोपऱ्याकडची फळी फुगून वर आली होती. मिस्त्रींनी तिच्यावरून हात फिरवला. सात वर्षं मुरलेलं लाकूड त्यांनी स्वतः निवडलं होतं. वर्षभर विहिरीत पडून राहावं तसं ते झालं होतं. पाचव्या खुंटीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता.

"चिमणी पुन्हा मागून यायला लागली," बाई म्हणाली. "विचारलं तर म्हणते, ते आता बसतात. माझ्या जागेवर. आणि आज सकाळी…" तिने नुसतं वर बोट दाखवलं.

पाचव्या खुंटीला चिमणीचं दप्तर टांगलेलं होतं.

"स्टूल कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"स्टूल तुमच्या घरी आहे. तुम्हीच नाही का परत नेलंत?"

मिस्त्रींनी शेजारून शिडी आणली. दप्तर उतरवलं. ते पाण्याने जड झालं होतं, पण आतल्या वह्या कोरड्या होत्या. मग पेचकस लावला. स्क्रू सुटता सुटेना. शेवटी खुंटी निघाली तेव्हा भोकातून गार वारा आला. ती भिंत आतली होती, पलीकडे स्वयंपाकघर.

त्यांनी भोक बुजवलं. चिमणी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं बघत होती.

"मिस्त्रीकाका, तुमच्या घरी किती खुंट्या आहेत?"

"एक. मी एकटाच राहतो ना."

चिमणीने कोपऱ्याकडे मान वळवली. कुणाचं बोलणं पुरं होऊ द्यावं तशी थांबली. मग म्हणाली,

"एक चालेल म्हणतात."

ती आत आली. बाकावर बसली, बूट काढले, आपल्या खणात ठेवले, ओलं दप्तर उचलून आपल्या खुंटीला अडकवलं आणि "आई, भूक!" असं ओरडत आत पळाली.

बाईने हात जोडले. खुंटी मिस्त्रींनी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकली आणि घराकडे निघाले. अजून ऊन होतं. रस्त्यावर त्यांची सावली पुढे पडली होती. ती एकच आहे ना, हे त्यांनी दोनदा बघितलं.

घराला कुलूप होतं. सकाळी लावलं तसंच.

दाराबाहेर, पायरीवर, त्यांचा घरात घालायचा सदरा होता. नीट घडी घातलेला. तो सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने खुंटीला टांगला होता.

त्यांनी कुलूप काढलं. दार ढकललं.

खुंटी तीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या खांद्याच्या उंचीवर ठोकली होती. आता तिथे सपाट भिंत होती. भोकसुद्धा नव्हतं.

खुंटी वर होती. हात पुरणार नाही इतकी वर.

खाली फरशीवर दोन ओले ठसे. टाचा भिंतीला. बोटं आत, त्यांच्या खाटेच्या दिशेने.

मिस्त्रींनी उंबरा ओलांडला नाही. त्यांनी हळूच दार ओढून घेतलं, खिशातून खडू काढला आणि बाहेरच्या भिंतीवर, आपल्या खांद्याच्या उंचीला, एक फुली केली.