पिंपाखालची घंटा

“ही आपली घंटाच नाही!” मुंगी कमरेवर हात ठेवून ठसक्यात म्हणाली.

“झालं! आता घंटेतही खोट काढ,” तिचा मित्र ढब्बू वैतागला.

बंद पडलेल्या स्टेशनाचं संग्रहालय होणार होतं आणि उद्घाटन तासाभरावर आलं होतं. घंटा वाजवण्याचा मान मुंगीच्या आजोबांचा. त्यांनी आयुष्यभर इथली घंटा वाजवली होती. आता त्यांना दिसत नव्हतं, पण आठवडाभर एकच धोशा चालला होता, “एकदा तो आवाज कानावर पडू दे, बस्स!”

आणि पडद्याआड टांगली होती बाजारातली चकचकीत पितळी घंटा!

“आजोबा रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारायचे! बघ ना, या इवल्याशा घंटेला एवढा जाडजूड आकडा कशाला?”

ढब्बूचे डोळे विस्फारले. दोघं धावले ठेकेदारकाकांकडे. काका भाषण पाठ करत होते.

“ते गंजकं लोखंड? दिलं असेल टाकून! पळा, लुडबुड नको!”

मुंगीला रडूच कोसळलं. आजोबांना काय सांगायचं?

एवढ्यात मागून आवाज आला. ठण्ण! पाठोपाठ, “आई गं!” मुंगीचा धाकटा भाऊ, म्हणजे सतत मागे मागे फिरणारं शेपूट, पाणी प्यायला गेला, ठेचकाळला आणि हातातला लोटा खाली लोखंडावर आपटला. रंगाऱ्याचं पाण्याचं पिंप डुगडुगू नये म्हणून खाली काहीतरी सरकवलेलं होतं.

“रूळ!” मुंगी किंचाळली. एका बाजूला हातोडीचे खळगेच खळगे!

पिंप रिकामं करताना तिघंही चिंब भिजले. रंगारीमामांनी हसत हसत पितळी घंटा उतरवली आणि तुकडा आकड्याला अडकवून दिला. “मी काही पाहिलं नाही बरं का!”

“ही अस्सल घंटा मी जिवापाड जपली!” उद्घाटनाच्या वेळी ठेकेदारकाकांनी ऐटीत पडदा ओढला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

आजोबांनी चाचपून पाहिलं. हातोडी उचलली. ठण्ण! ठण्ण!

काय गंमत! खुर्च्यांवरची सगळी म्हातारी माणसं पिशव्या सावरत उठली आणि वळून रुळांकडे पाहू लागली. “पोरांनो, मागे सरका, गाडी येतेय!” एक आजी ओरडल्या. मग त्यांनीच जीभ चावली आणि सारा फलाट खो खो हसला.

“कुणी शोधली रे?” आजोबांनी रुळावरून हात फिरवत विचारलं.

“या तिघांनी,” ठेकेदारकाका स्वतःचे कान पकडत म्हणाले. “माझी अब्रू वाचवली यांनी! शाब्बास!”

आजोबांनी हातोडी मुंगीच्या हातात दिली. “मी गाडी आणली. आता सोडायची घंटा तू दे.”

मुंगीने सगळा जोर लावून हातोडी हाणली.