शेजारचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबत. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की बसमध्ये बसले तरी त्यांचा पाय आपोआप खाली रेटला जाई. बायको म्हणे, "अहो, भोक पाडाल खाली!"

नदीवरचा पूल एका वेळी एकच गाडी मावेल एवढा अरुंद. तोंडाशी ताशी वीसची पाटी. समोरच्याने थांबून वाट दिली तर हात वर करून आभार मानायचे, हा मास्तरांचा पहिला धडा.

एका दुपारी शिकायला आलेल्या नर्सबाईंनी रिकाम्या पुलावर हात वर केला.

"कुणाला हात केलात?" मास्तरांनी विचारलं.

"त्या लाल गाडीला. थांबली ना आपल्यासाठी." बाई जरा घुटमळल्या. "चालवायला मात्र कुणी नव्हतं हो. शेजारी एक गृहस्थ होते. अगदी तुमच्यासारखे."

मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात शिकायला येणाऱ्या बेकरीवाल्यानेही तिथेच हात वर केला, तेव्हा त्यांना हसू आलं नाही.

महिन्याभरात त्यांच्या लेकीने नवी गाडी आणली. लाल. मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"रंग बदलून मिळेल का गं?"

"बाबा, काहीतरीच तुमचं!"

एकुलती एक पोर. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला एकटीला सोडायला त्यांचा जीव होईना, म्हणून ते शेजारी बसले.

"पुलावरून नको."

"लांबून गेले तर उशीर होईल, बाबा."

पूल दिसू लागला. काटा साठाच्या पुढे गेला होता.

"हळू गं!"

"समोर कुणी नाहीये."

मास्तरांनी पाय दाबला. खाली नुसती मॅट. त्यांनी सगळा जीव एकवटून दाबला.

गाडी थांबली. पुलाच्या तोंडाशी, अलगद.

समोरून त्यांचीच शिकवायची पांढरी गाडी सावकाश आली. नर्सबाईंनी हात वर केला. त्यांच्या शेजारी मास्तर स्वतःच बसले होते, आणि बाईंना काहीतरी विचारत होते.

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं.

तिच्या सीटचा पट्टा नीट लावलेला होता. आत कुणी नव्हतं.