रिकाम्या मांडीची बाई

बहारीनच्या हूरा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर वांद्र्याच्या मोतमावलीची तसबीर होती आणि १९७८ पासून तिच्या शेजारी मेक्सिकोची एक मातीची बाई. वीतभर उंच, मांडी घालून बसलेली, दोन्ही हात पुढे धरलेले, मांडी मात्र रिकामी. व्हॅलेरियनच्या बँकेतल्या गोऱ्या साहेबाने बहारीन सोडताना ती त्याला दिली. साहेबाला जुन्या वस्तूंचा शौक. म्हणाला, "थडग्यातून निघाली ही. मग एका डॉक्टरकडे, मग न्यूयॉर्कच्या दुकानात, मग एका तेल-इंजिनियरच्या बायकोकडे. घरात मूल झालं की जो तो हिला काढून टाकतो. मी पडलो सडाफटिंग, म्हणून टिकली."

व्हॅलेरियनला ते ऐकून बरंच वाटलं. त्याच्या बायकोची, मॅगीची, तीन गरोदरपणं अर्ध्यातच संपली होती. बुडत्याला काडीचा आधार.

वसईहून मॅगीच्या आईने मूल व्हावं म्हणून नवसाचं मेणाचं बाळ धाडलं होतं: जत्रेला ये आणि मोतमावलीला स्वतःच्या हाताने वाहा. पण मॅगी जिथे नर्स होती त्या हॉस्पिटलने तिला लीव्ह दिली नाही. जत्रा हुकली. तेव्हा तिने ते बाळ मातीच्या बाईच्या मांडीवर ठेवलं. नीट बसलं.

"पुढल्या वर्षी नेऊ. तोवर सांभाळेल ही," ती म्हणाली.

चार दिवसांनी बाळ तिथे नव्हतं. उकाड्याने वितळलं म्हणावं, तर कुठे डाग नव्हता. व्हॅलेरियनने टॉर्च घेऊन फ्रिजमागे शोधलं. मॅगी आलीच नाही. ती मोरीत ओकत होती.

मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल. ती रडायची नाही, एकटक बघायची. जुलैतही तळवे गार. व्हॅलेरियन आनंदाने वेडा झाला होता, त्याला सगळं गोडच वाटे. मॅगी मात्र तिला जवळ घेईना.

"उचल ना तिला."

"मला जड होते."

"दीड महिन्याचं पोर जड?"

"माझी तीन गेली ना, व्हॅली, ती हलकी होती."

त्याच संध्याकाळी त्याने ती मातीची बाई सूकमधल्या, तिथल्या जुन्या बाजारातल्या, एका दुकानदाराला फुकट देऊन टाकली. मुलगी होती तशीच राहिली.

उरला बाप्तिस्मा. फादरांच्या हातून पाणी पडलं की लेकरू आपलं होईल, एवढ्याच आशेवर मॅगीने तिला चर्चमध्ये नेलं.

पित्याच्या नावाने फादरांनी कपाळावर पाणी ओतलं. ते ओघळलं नाही.

पुत्राच्या नावाने ओतलं. कपाळ जरासं काळवंडलं आणि लगेच कोरडं झालं. नव्या माठाचा वास सुटला.

फादर थांबले. मॅगीने डोळे मिटले.

पवित्र आत्म्याच्या नावाने त्यांनी उरलेलं सगळं ओतलं.

धर्ममाता टॉवेल घेऊन पुढे झाली. पुसायला काहीच नव्हतं.