भिशीत फुटलेली गोष्ट

"दाताचं का?" जिन्यात त्याने विचारलं.

"हो... दाढ," तृप्ती म्हणाली आणि उगीचच गालावर हात ठेवला.

"माझीही दाढच."

नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता आणि दुसऱ्यावर सायकॉलॉजिस्टची केबिन. २००४ साल होतं. दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या प्रत्येकाचे जिन्यात दात दुखायचे. पहिल्या मजल्यावर तृप्ती चपलेचा पट्टा नीट करायला थांबली, तर तोही बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हतीच. शेवटी दोघं एकमेकांकडे न बघता वर गेले आणि एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले.

"फारच वर सरकलीय हो तुमची दाढ..." तो हळूच म्हणाला.

तृप्तीला हसू फुटलं. लग्न मोडल्यापासून ती अशी हसली नव्हती.

ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं होतं, कारणही न देता. तेव्हापासून शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता तिची छाती धडधडायची, घाम फुटायचा, पोरं बघत राहायची. आईने ठरवून टाकलं. "बाहेरच्या माणसापुढे घरचं कशाला बोलायचं? आपली सुवर्णा आहे ना!"

दुसऱ्या मजल्यावरची सायकॉलॉजिस्ट म्हणजे ही सुवर्णामावशी, आईच्या भिशीतली. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या बायका दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायच्या, चिठ्ठी काढायच्या, खायच्या आणि मनसोक्त बोलायच्या. मावशीची पदवी खरी होती, केबिनला एसी होता, आणि शिवाय ती घरातलीच. झालं! साधी चप्पल घ्यायची तर अख्खा मेन रोड पालथा घालणारी आपली माणसं. पण ज्याच्यापुढे मन उघडायचं, त्याला एक प्रश्न विचारायची लाज! बाई, मी इथे बोलेन ते पुढे कुठे जाणार? एवढं विचारलं असतं तर काही बिघडणार नव्हतं.

दर गुरुवारी तो बाकावर असायचा. ललित. ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन. हायवेवर मित्राचा अपघात डोळ्यांदेखत झाला आणि तेव्हापासून गाडीला हात लावला की त्याचे हात थरथरायचे. त्याने तृप्तीला हे सांगितलं ते जेवणात मीठ कमी पडल्यासारखं, साधेपणानं.

"आणि तुमचं?" त्याने विचारलं.

"सांगेन कधीतरी..."

"चालेल. मला दर गुरुवारी यायचंच आहे."

"बरं वाटेपर्यंत ना?"

"आता बरं वाटायची घाई नाही राहिली," तो म्हणाला आणि भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागला. तृप्तीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाकावरचं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत होतं, आणि ते कोण कमी करत होतं हे दोघांपैकी कुणीच कबूल केलं नसतं.

एका गुरुवारी तो आला नाही. त्या दिवशी केबिनमध्ये तृप्तीच्या तोंडून निघून गेलं, "बाहेर तो बसतो ना, मावशी... तो दिसला नाही की दिवस वाया गेल्यासारखा वाटतो." हे तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. बोलून तिला हलकं वाटलं.

पुढची भिशी त्यांच्याच घरी होती. साबुदाणा वड्यांची ताटली घेऊन तृप्ती बाहेर आली तर वत्सलाबाई डोळे मिचकावून म्हणाल्या, "काय गं, ओझरचा म्हणे? कायम नोकरी आहे ना?"

बायका खळखळून हसल्या. आईचं तोंड उतरलेलं. "नोकरीचं काय घेऊन बसलात! हात थरथरतात त्याचे. सुवर्णानेच सांगितलं. असा जावई आणू का मी?"

सुवर्णामावशी वड्याला चटणी लावत होती. तिने मानही वर केली नाही.

तृप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं गुपित तर गेलंच, त्याचंही गेलं! ज्या माणसाला यातल्या एकीनेही पाहिलं नव्हतं, त्याचं दुखणं वड्यांबरोबर वाटलं जात होतं. तिने ताटली टेबलावर आपटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आता जन्मात कुणापुढे तोंड उघडायचं नाही, असं तिला वाटलं. पण गुरुवार आला तसं तिचं तिलाच पटेना. तिने का गप्प बसायचं?

ती केबिनमध्ये गेली आणि खुर्चीत बसलीच नाही.

"मावशी, तुम्ही आईच्या मैत्रीण आहात की माझ्या सायकॉलॉजिस्ट?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच मी..."

"माझं भलं मला न विचारता? बाबा प्रेसमध्ये आहेत. नोटा छापतात तिथे. सुटताना अंगझडती होते, कागदाचा कपटा बाहेर येत नाही. आणि तुमच्या केबिनमधून दोन माणसांची मनं बाहेर गेली, ती थेट भिशीत!"

"एवढं काय झालंय, तृप्ती? घरातलीच तर माणसं..."

"म्हणूनच! घरातल्यांना सांगता येत नव्हतं म्हणून तर मी इथे आले होते. आईची मैत्रीण म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी मला दुसरीकडे पाठवायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं ना?"

मावशीने टेबलावरचा पेन उगीच सरळ केला. तृप्ती उत्तराला थांबली नाही.

खाली फुटपाथवर ललित उभा होता.

"वर का नाही आलात?" ती अजून धुमसत होती.

"मी यांच्याकडे येणं बंद केलंय. तुम्ही भेटाल म्हणून थांबलो." तो अडखळला. "मॅडमनी मला तुमच्याबद्दल काहीतरी सांगितलं. मी थांबवलं त्यांना, पण... थांबवेपर्यंत निम्मं ऐकलं होतं."

"काय ऐकलं?"

"काही नाही. ते तुम्ही सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी ते धरतच नाही."

मग मान खाली घालून तिने भिशीचं सगळं सांगितलं, त्याच्या हातांचंसुद्धा. त्याचा चेहरा पडला.

"पंचवटीत दुसऱ्या एक सायकॉलॉजिस्ट बाई आहेत," तो म्हणाला. "या वेळी आधी सगळं विचारलं. शिक्षण काय, अंदाजे किती दिवस, माझं बोलणं कुणाला कळणार? रागावल्या नाहीत त्या. म्हणाल्या, कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मी बोलेन. आणि माझ्याशी नाही जमलं तर खुशाल दुसरीकडे जा."

"मलाही पत्ता द्या."

"विचारलं होतं मी, माझ्या ओळखीच्या एकीला पाठवू का. त्या म्हणाल्या, किती ओळखीची?"

"मग?"

"मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. तर हसल्या. एवढ्या ओळखीची दोन माणसं एकीकडेच नकोत म्हणाल्या, आणि तुमच्यासाठी दुसऱ्या बाईंचं नाव दिलं."

तृप्तीला हसू आलं, आणि रागही अजून गेला नव्हता. त्या रागातच ती मोठ्याने म्हणाली, "ललित, ते निम्मं विसरा. आता माझ्या तोंडून पूर्ण ऐका. मला तुम्ही आवडता. गुरुवारी मी तुमच्यासाठी यायचे. पहिल्यांदा हे तुम्हालाच सांगायचं होतं मला, आणि ते माझ्याकडून कुणीतरी हिसकावून घेतलं!"

"अहो, हळू... लोक ऐकतायत."

"ऐकू देत! आता मी सांगतेय ना!"

पानाच्या टपरीवरचे दोघं खरंच वळून बघत होते. ललितने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि मग त्यानेही, आवाज जरासुद्धा न लपवता, आपल्या मनातलं सांगायला सुरुवात केली.