तटातल्या भोकाचं माप

रुकय्याचा हात कोपरापर्यंत तटातल्या भोकात होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"...आणि मंडळी, हेच ते! इंग्रजांचा गोळा इथून आरपार गेला, तो डच किल्लेदाराची टोपी घेऊनच!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. रुकय्याने हात बाहेर काढला, चुन्याची धूळ झटकली.

"आत छिन्नीचे घाव आहेत," ती शांतपणे म्हणाली. "गोळ्याने येताना छिन्नी आणली होती का?"

पाहुणे खो खो हसले. वाटाड्या मोख्सिनही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

सगळ्यांना खाली सोडून तो धापा टाकत परत आला. त्या जायफळांच्या बेटावर तरुणीला आदराने 'नोना' म्हणतात, तशीच त्याने हाक मारली.

"नोना, किल्ल्याचा नवा फलक लिहायला आंबोन शहरातून आलेल्या त्या तुम्हीच ना?"

"हो. उद्याच्या बोटीने मजकूर जाईल."

"मग गोळा राहू द्या की! त्याच्यासाठी लोक एवढ्या पायऱ्या चढतात. गोळा गेला की मी गेलोच... जायफळं वेचायला."

"भोक कुणी पाडलं ते सांगा. तेच लिहीन."

मोख्सिनने डोकं खाजवलं. "सांगणारी एक आहे. पण मला तिची भीती वाटते."

ती म्हणजे त्याची आजी. किल्ल्याच्या पायथ्याशी, अंगणात चटईवर जायपत्री पसरत बसली होती.

"गोळा? अरे मेल्या, ते तुझ्या आजोबांचं काम! छिन्नीने भोक पाडून त्यात बांबू खोचायचा आणि जायपत्रीच्या टोपल्या टांगायच्या, कोंबड्या पोचू नयेत म्हणे! आणि बांबू उपसून भोकातून बघायचे कुठे, तर आमच्या अंगणात. दिवसातून दहादा जायपत्री हलवायला वर! तिचा पार भुगा झाला, पण हलवणं थांबेना. शेवटी माझ्या बापानेच विचारलं, बाबा रे, तुला जायपत्री हवी की मुलगी?"

रुकय्याने शब्दन् शब्द टिपून घेतला. मोख्सिनचा चेहरा मात्र उतरला.

महिन्याभराने ती फलक घेऊन आली. आजीची गोष्ट वाचून पाहुणे तटाशी थबकू लागले, भोकाला डोळा लावायला रांग लागली. आजी रोज ठेवणीतला झगा घालून अंगणात बसायची आणि वर हात हलवायची. मोख्सिनने गोळ्याचं नाव घेणंच सोडलं.

फलक लागला, काम संपलं. तरी चौथ्या दिवशीही रुकय्या टेप घेऊन भोकापाशी उभी होती.

"काल मोजलं होतंत ना, नोना?"

"एका मापावर विसंबू नये."

"परवाही मोजलंत. त्याच्या आदल्या दिवशीही."

"हं."

"दरवेळी किती येतं?"

"तेवढंच..." तिने टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. "पण खात्री होत नाही."

मोख्सिन जवळ आला. टेपचं दुसरं टोक त्याने हळूच धरलं.

"पुरे आता, नोना... जायपत्रीचा भुगा होईल."

तिचे कान लाल झाले. आणि खालून, अंगणातून, आजी ओरडली—

"अरे, तिच्या बापाला पत्र मी लिहू, की तू लिहितोस?"