जांभळीला जेवू कोण घालतं?

शेवटच्या साध्या दिवशी आप्पा सड्यावर पालथे पडून एका रोपट्याचं जेवण बघत होते. शेजारी माझी दहा वर्षांची मुलगी कस्तुरी, तीही पालथी. मी छत्री धरून उभी होते आणि परत कधी जायचं याचा विचार करत होते.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. त्यावर माती जेमतेम बोटभर. त्या मातीत दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. तिच्या इवल्या पानांवर लाल केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. एका थेंबाला चिलट चिकटलं होतं आणि पान त्याच्याभोवती हळूहळू मिटत होतं. झाडं तर उन्हावर जगतात, मग हिला चिलट कशाला, असं कस्तुरीने विचारलं. आप्पांनी मान न उचलताच सांगितलं, की उन्हाच्या जोरावर पान साखर करतं, पण अंग वाढवायला नत्रही लागतं (नत्र म्हणजे प्राणी आणि वनस्पती दोघांच्याही शरीराच्या बांधणीला लागणारं मूलद्रव्य). कातळावरच्या मातीत ते फार थोडं असतं. म्हणून हे रोपटं ते चिलटाच्या अंगातून घेतं.

"म्हणजे किडे पान खातात आणि पान किडे खातं," कस्तुरी म्हणाली. "आमच्या पुस्तकात असं नाहीये. त्यात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. गरुडापाशी संपतं."

"पुस्तक तुझ्या आईनं तपासलंय," आप्पा म्हणाले. "तिलाच विचार."

मी घड्याळात बघितलं. शाळेची पुस्तकं तपासणं हे माझं काम आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच चित्राबद्दल आप्पांनी आमच्या कार्यालयाला चार पानी पत्र पाठवलं होतं. गरुडापुढे आणखी एक बाण हवा, मेलेल्या गरुडाला कोण खातं तेही मुलांना कळू दे, असं त्यांचं म्हणणं. पत्र माझ्याच टेबलावर आलं. मी जावक क्रमांक घालून उत्तर टाइप केलं: 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे.' स्वतःच्या वडिलांना. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दुपारी आम्ही आप्पांच्या संशोधन केंद्रावर परतलो. आप्पा वनस्पतिशास्त्रज्ञ. तीस वर्षं ते या घाटमाथ्यावरच्या मेघवनात राहिले. मेघवन म्हणजे ज्या जंगलातून ढग आरपार वाहत जातात ते. पाऊस नसला तरी पानं आणि शेवाळ ढगातलं पाणी गाळून घेतात आणि झाडांखाली टपटप चालू राहते. इथे फांद्या उघड्या नसतात. शेवाळ, नेचे आणि आमरी (ऑर्किडच्या जातीच्या वनस्पती) त्यांच्यावर गोधडीसारख्या पांघरलेल्या असतात.

आप्पांचा मदतनीस खारू नावाचा यंत्रमानव. शेकरूएवढा, सहा पायांचा, सरसर झाडावर चढणारा. त्याच्या नाकाला एक खास गोष्ट ओळखता येई: खुणेचं नत्र. हे नेहमीच्या नत्रासारखंच असतं, फक्त त्याचे कण किंचित जड असतात. कुणाला त्याचा त्रास होत नाही. पाण्यात शाईचा थेंब टाकला की पाणी कुठवर गेलं ते कळतं, तसं या खुणेमुळे अन्न कुणाच्या पोटात गेलं ते कळतं.

अकरा महिन्यांपूर्वी आप्पांनी एका उंच जांभळीच्या फांदीवर, शेवाळात, खुणेच्या नत्राने भरलेली वाळकी पानं खोचली होती. खारूने खूण हुंगत पाठलाग केला. आधी ती बुरशीत सापडली, कारण बुरशी वाळकं पान कुजवून खाते. मग बुरशी खाणाऱ्या बारीक किड्यांमध्ये, मग कोळ्यात, मग नखाएवढ्या झुडपी बेडकात. एकदा तर चापड्यातही, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या इथल्या हिरव्या विषारी सापात. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. पण सातव्या महिन्यात खूण जांभळीच्याच कोवळ्या पानांत दिसली.

आप्पांनी कस्तुरीला कोडं घातलं ते इथे. फांदीखाली त्यांनी नळकांडी टांगली होती, ठिबकणारं पाणी त्यांत गोळा व्हायचं. त्या पाण्यात खूण नव्हती. बुंध्याजवळच्या मातीतही नव्हती. मग जमिनीपासून अठरा मीटर उंचावर ठेवलेलं जेवण झाडाच्या तोंडात गेलं कसं?

"जांभळीला जेवू कोण घालतं ते सांग," आप्पा म्हणाले.

कस्तुरीने वारा, माकडं आणि जादू अशी तीन उत्तरं दिली. तिसऱ्याला आप्पा खो खो हसले. उद्या पाळण्यातून वर जाऊ आणि बघू, असं ठरलं. पाळणा म्हणजे दोराने वर खेचायची दोन माणसांची खुर्ची. तूही ये, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, मला मुद्रितं तपासायची आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर स्वयंपाक करणाऱ्या पारूमावशी चहा घेऊन गेल्या, तेव्हा आप्पा उठले नाहीत. ते झोपेतच गेले होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. माणसं आली आणि गेली. बाराव्या दिवसानंतर मी त्यांची कपाटं आवरायला घेतली. एक सदरा घडी केला की मला खाली बसावं लागायचं. रडू येत नव्हतं, नुसता थकवा होता, हातापायांत वाळू भरल्यासारखा.

त्यातच केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. रविवारी नवी माणसं केंद्र ताब्यात घेणार होती. जांभळीच्या पानांतली खूण तिथे कशी पोचली याचा पुरावा नसेल, तर खारूच्या नाकात दोष आहे असं धरून अकराही महिन्यांच्या नोंदी रद्द होणार होत्या. मी पत्र घडी करून ठेवलं. कस्तुरीने ते उलगडून वाचलं.

"आजोबा चुकीचं मोजतील का?"

मी म्हटलं, यंत्रं बिघडतात. ती खारूला घेऊन बाहेर पडली.

तिने आधी पारूमावशींना गाठलं. पाळणाही मावशीच ओढायच्या. "तेंनी माका कायच सांगूक नाय," त्या म्हणाल्या. "वर जावन इले की नुसते हसत."

मग दोन दिवस कस्तुरी बुंध्याजवळ उकरत होती. ती खारूला मुळं शोधायला सांगायची आणि तो प्रत्येक वेळी झाडावरून खाली उतरून मातीत शिरायचा. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती कोपरापर्यंत चिखलाने माखून आली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. तिचे हात धुताना मी खारूला विचारलं, की तू सारखा खालीच का जातोस.

"मूळ जमिनीखाली वाढतं," खारू म्हणाला. "इयत्ता पाचवी, पान एक्केचाळीस. मला त्याच पुस्तकांवरून शिकवलं आहे."

पान एक्केचाळीस मी तपासलं होतं. बरोबर आहे अशी खूण करून खाली सही केली होती.

मी तांब्या खाली ठेवला. खारूला म्हटलं, खूण कोणत्या पानात कोणत्या दिवशी दिसली ते तुझ्या पाठीवरच्या पडद्यावर दाखव. कस्तुरी ओल्या हातांनीच पुढे सरकली. जांभळीचं चित्र आलं, एकेक पान तांबडं होऊ लागलं. सगळ्यात आधी तांबडी झाली ती त्याच फांदीची टोकाकडची पानं. बाकीच्या फांद्या कितीतरी आठवड्यांनी.

"जेवण जमिनीतून आलं असतं," कस्तुरी सावकाश म्हणाली, "तर बुंध्यातून चढून सगळ्या फांद्यांना मिळालं असतं. एकाच फांदीला आधी कसं मिळेल?" आणि मग, "आई, तोंड फांदीवरच आहे."

पारूमावशींनी पाळणा ओढला. मला उंचीची भीती वाटते, हे मी कस्तुरीला सांगितलं नव्हतं. वर पोचेपर्यंत ढग आला होता. खाली केंद्राचं छप्पर दिसेना, पुढची फांदीही अर्धीच दिसत होती. सगळीकडे थेंब पडत होते आणि कुठेतरी एक बेडूक टिकटिक करत होता.

फांदीवर शेवाळाचा वीतभर जाड थर होता. आम्ही हातांनी त्याची एक कड अलगद उचलली. वर हिरवं ओलं शेवाळ, त्याखाली कुजकी पानं आणि त्याखाली माती. खरीखुरी काळी, भुसभुशीत माती, अठरा मीटर उंचावर. तिच्यातून टाचणीच्या डोक्याएवढे किडे टुणकन उडाले. आणि मातीत शेवयांसारखी पांढरट, बारीक मुळं पसरलेली होती.

आमरीची असतील, मी म्हटलं. कस्तुरीने एका मुळावर बोट ठेवलं आणि ते मागे मागे नेलं. बोट आमरीकडे गेलं नाही. ते फांदीच्या सालीपाशी पोचलं आणि थांबलं. मूळ तिथूनच बाहेर आलं होतं.

खारूने नाक लावलं. "खूण इथे सर्वांत जास्त आहे," तो म्हणाला. "मूळ जांभळीचंच आहे. पण नोंद कुठे करू? फांदीवरचं मूळ असा रकाना माझ्याकडे नाही."

"मग नवा कर," कस्तुरी म्हणाली.

दूरच्या देशांतल्या मेघवनांत काही झाडं अशी मुळं फांदीतून काढतात, हे मी नंतर आप्पांच्या टिपणांत वाचलं. ढगाबरोबर आलेली धूळ, गळालेली पानं, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं शेवाळाची गोधडी अडवून धरते. बुरशी आणि जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) ते कुजवतात, त्याची माती होते. शेवाळ-नेच्यांसारख्या पाहुण्यांनी फांदीवर साठवलेलं हे जेवण जमिनीवर पडायची वाट झाड बघत नाही. तिथेच हात पुढे करून वाढून घेतं. आमच्या जांभळीवर ते आप्पांना बहुधा दिसलं होतं. पण कस्तुरीने ते स्वतः शोधावं म्हणून असेल, त्यांनी ते लिहून ठेवलं नव्हतं.

खारूने छायाचित्रं घेतली, मापं घेतली आणि सगळं संस्थेकडे पाठवलं. आम्ही शेवाळ पुन्हा नीट पांघरलं, कडा दाबल्या. अकरा महिन्यांच्या नोंदी आता रद्द होणार नव्हत्या. कस्तुरीचे ओठ गारठून निळसर झाले होते, तरी ती खाली यायला तयार नव्हती.

"जांभळीचं पान बुरशी खाते," ती बोटांवर मोजू लागली. "बुरशीला किडा, किड्याला कोळी, त्याला बेडूक, बेडकाला साप. सापाला गरुड. सगळ्यांची शी शेवाळात पडते. आणि मेले की..." ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

"बोल," मी म्हटलं.

"मेले की तेही कुजतात. बुरशी त्यांना खाते, आणि उरलेलं झाडाला मिळतं. गरुडाचंसुद्धा. म्हणजे गरुडापाशी संपतच नाही ना, आई? पुढे बाण हवा."

ही साखळी नव्हतीच. हे अन्नजाळं होतं (कोण कुणाला खातं याच्या अनेक वाटा एकमेकींत गुंतून झालेलं जाळं), आणि त्यातली प्रत्येक वाट कुठून ना कुठून पुन्हा पानापाशी येत होती. पाचवीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती जूनमध्ये छापायला जायची आहे. पान एक्केचाळीस आणि गरुडाचं चित्र, दोन्ही बदलता येतील. चित्रात फांदीवरचं मूळ कसं काढायचं ते कस्तुरीला विचारीन, तिने ते जवळून पाहिलं आहे.

तिने पुन्हा विचारलं, हवा ना बाण? मी उत्तर दिलं, पण तिला नाही. ढग इतका दाट होता की कुणाकडे बघून बोलायची गरजच नव्हती.

"आप्पा, बाण हवा होता," मी म्हटलं. "तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मला ते कळलं होतं."