पोखर्णीच्या अलीकडचं चार्जिंग

गाडीत काही खोट नाही. तुम्ही चालवून बघितलीत, बॅटरीचा अहवालही बघितलात. पण वर्षाच्या आत का विकताय, असं विचारलंत, म्हणून खोटं कारण सांगायचं जिवावर येतं. बसा थोडं. पंखा तुमच्याकडे वळवतो.

मी लातूरला कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. गाडी सेकंडहँड घेतली होती, पुण्याच्या एका टॅक्सी कंपनीची. स्वस्तात मिळाली, कारण तिचं चार्जिंगचं सॉकेट जुन्या पद्धतीचं. गावातल्या गावात काही अडत नव्हतं. रात्री घरच्या प्लगला लावायची, सकाळी काढायची. बाहेरगावचा विचार मी केलाच नव्हता.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी बोरीहून विरेशचा फोन आला. विरेश म्हणजे माझा मामेभाऊ. रेवणप्पामामांचं बोरीत भुसार मालाचं दुकान आहे, आता विरेशच बघतो. तो म्हणाला, "शिवादादा, आत्याला घिऊन ये. बाबांनी कालपासून अन्न सोडलंय. डॉक्टर म्हणले घरी न्या. सारखं एकच विचारायलेत, अक्का आली का."

अक्का म्हणजे माझी आई, चन्नबसम्मा. मामा तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आजी लवकर गेली, तेव्हा आईनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. आईला फोनवरचं काही सांगावं लागलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. उठली, कपाळाला विभूती लावली आणि पिशवीत एक लुगडं कोंबलं.

आईचे गुडघे गेलेले, बसनं तिला बसवत नाही. लग्नसराईमुळे भाड्याची गाडी चारच्या आत मिळेना. म्हणून हीच काढली. रात्री दोन तास लाईट गेली होती, त्यामुळे बॅटरी पूर्ण नव्हती. पण मी मोबाईलवर नकाशा बघितला. वाटेत चार्जिंगची हिरवी टिंबं चांगली पाच-सहा दिसत होती. म्हटलं, पाऊण तास थांबू, दुपारी एकपर्यंत बोरी.

त्या टिंबांनी माझा जीव घेतला.

अंबाजोगाईच्या पुढच्या टिंबावर मशीन नवंकोरं, वर पत्र्याची सावली, प्यायला थंड पाणी. केबलच्या टोकाचा प्लग, त्याला बंदूक म्हणतात, ती हातात घेतली तर माझ्या सॉकेटात जाईना. खाली दोन भोकं जास्तीची. तिथला माणूस म्हणाला, "सर, ही नव्या गाड्यांची. तुमची जुनी बंदूक आता कुणी ठेवत नाही." मी म्हटलं, काहीतरी जोड असेल ना मधे लावायला. तो हसला नाही, पण हसल्यासारखं त्यानं मान हलवली.

परळीचं टिंब एका हॉटेलच्या आवारात. तिथं जुनी बंदूक होती, पण त्या कंपनीचं ॲप वेगळं. ते उतरवून घेतलं, नाव टाकलं, गाडीचा नंबर टाकला. ओटीपी येईना. तीनदा मागितला. चौथ्यांदा ॲपच म्हणालं, चोवीस तासांनी प्रयत्न करा.

गंगाखेडला बंदूकही बसली आणि ओटीपीही आला. मशीननं गाडीशी बोलायला सुरुवात केली. पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहिलं, मग लाल अक्षरं, 'गाडी ओळखता आली नाही'. तिथल्या माणसानं सांगितलं, या मशीनला ॲप चालत नाही, कंपनीचं कार्डच लागतं. कार्ड परभणीला मिळतं. मी विचारलं, "परभणीला जायला चार्जिंग लागतं, आणि चार्जिंगला परभणीचं कार्ड लागतं?" तो म्हणाला, "आमाला काय माहीत साहेब, आमी फकत झाडलोट करतोत."

तोवर माझ्या मोबाईलवर पाच कंपन्यांची पाच ॲप झाली होती. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. गाडीत अकरा टक्के राहिले होते. एसी केव्हाच बंद केला होता. आई मागच्या सीटवर काचा खाली करून बसलेली, तोंडावर पदर. एकदाही बोलली नाही की किती वेळ रे. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

विरेशला फोन केला. तो म्हणाला, "बोलेरो पाठवू का? दीड तास लागंल तुमच्यापातूर." मी म्हटलं नको, पुढं अजून एक मशीन आहे, त्याआधीच चार्ज होईल. का नको म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. गाडी घेतली तेव्हा सगळे हसले होते, तेच डोक्यात असणार.

ते मशीन गंगाखेड सोडल्यावर, पोखर्णीच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला होतं. पंप बंद. नळ्यांवर गोणपाटं बांधलेली. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. रस्त्यावर माणूस नाही, वारा नाही, रानात एखादं ढोरसुद्धा नाही. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गाडीत चार टक्के.

मशीन चालू होतं. लांबूनच त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. जवळ जाऊन बघतो तर पडद्यावर, 'चार्जिंग सुरू आहे. अठ्ठावन्न टक्के.'

समोर गाडी नव्हती. मोकळा सिमेंटचा ओटा. बंदूक खाली पडलेली, तिचं तोंड कशातच नाही. मी बघत असताना अठ्ठावन्नचे एकोणसाठ झाले.

मी चिडूनच बंदूक उचलायला गेलो. ती हलली नाही. तुम्हाला माहीत असेल, चार्जिंग चालू असताना बंदूक गाडीच्या सॉकेटात कुलूपबंद होते, कितीही ओढा, निघत नाही. अगदी तशी. पण ती सिमेंटवर नुसती पडलेली होती. केबल हाताला गरम लागत होती. आणि वास येत होता. जळका नाही. बंद खोलीत आजारी माणूस बरेच दिवस पडून असलं की येतो ना, औषधाचा आणि घामाचा, तसला.

मला तेव्हा भीती वाटली नाही, खरं सांगतो. मला फक्त संताप आला होता. सकाळपासून दहा वेळा यंत्रांनी मला नाही म्हटलं होतं, हे अकरावं.

पंपाच्या खोलीतून एक म्हातारा पहारेकरी आला. सिताराम नाव सांगितलं. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय तुमचं. गाडी नाही आणि चार्जिंग चालू दाखवतंय."

त्यानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्या गाडीकडं. हळूच म्हणाला, "बिघडलं न्हाई साहेब. कधीमधी आसं व्हतंय हितं. चालू हाय तवर हात लावू नका. झालं की आपसूक सुटतंय."

"किती वेळ?"

"ते मला कसं कळंल... ज्याचं त्याला."

मी मशीनवरच्या मदत क्रमांकाला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एका मुलीचा आवाज. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, ते चार्जिंग तुमच्याच नावावर सुरू आहे. एक वाजून बावन्न मिनिटांनी सुरू झालं." आणि तिनं माझ्या गाडीचा नंबर वाचून दाखवला. बरोबर वाचला.

"अहो, एक बावन्नला मी इथं पोचलोही नव्हतो. माझी गाडी मशीनपासून वीस फुटांवर उभी आहे. तिला काहीही लावलेलं नाही."

"सर, आम्हाला इथं तुमची गाडी जोडलेली दिसते आहे. बॅटरी बहात्तर टक्के."

"माझी बॅटरी चार टक्के आहे. तुम्ही ते बंद करा."

"ज्यांनी सुरू केलं त्यांनाच बंद करता येतं सर." मग थोडं थांबून, "तुम्ही नाही का सुरू केलं?"

मी फोन ठेवला. गाडीकडं वळून बघितलं. आईचं डोकं मागं टेकलेलं, पदर घसरलेला. डोळे अर्धवट उघडे होते, पण ती झोपली होती, श्वास चालू होता. ओठ हलत होते. मी खिडकीशी गेलो. ती पुटपुटत होती, "आले की रे... हळू पी... हळू."

मला वाटलं, ऊन लागलं. आता मात्र घाबरलो. तिला सावलीत कुठं नेणार, एसी लावायला बॅटरी नाही, बोरी अजून कितीतरी लांब. मी मशीनकडं परत आलो. मशीनच्या पोटावर लाल बटण असतं, आणीबाणीचं. ते दाबलं की सगळं तुटतं.

सितारामनं माझ्या हाताचा रोख बघितला. "साहेब, ऐका माझं. आत कोन हाय ते ठाऊक न्हाई आपल्याला. आर्ध्यातून तोडू नका."

"आत कोणीच नाही," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

खटका पडला. पंखा थांबला. इतकी शांतता झाली की माझ्या कानात दडे बसल्यासारखं झालं. पायाशी बंदूक आपोआप एका अंगावर कलंडली.

गाडीतून आई ओरडली नाही, पण जोरात श्वास घेऊन जागी झाली. "कशाला ओढलंस मला?" म्हणाली. मी म्हटलं, मी हातही लावला नाही. ती पंपाकडं, रस्त्याकडं, माझ्याकडं असं बघत होती, जसं तिला कोणी भलत्याच गावात उतरवून दिलंय. मग तिनं पदर तोंडावर ओढला.

बटण फिरवून मी मशीन पुन्हा चालू केलं, बंदूक उचलली. हलकी लागली. गाडीला लावली. दिवसभरात पहिल्यांदा कुठलंच चक्र फिरलं नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. लावताक्षणी चार्जिंग सुरू. मी वळून सितारामला काही म्हणणार होतो, पण तो खोलीत गेला होता आणि दार आतून लावलं होतं.

पाऊण तासानं निघालो. परभणी ओलांडून बोरीला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. दुकानाला कुलूप, दारात माणसं. कळायचं ते कळलं. मामांना न्हाऊ घालून आमच्या लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंग. आई आत गेली. बायका बाजूला झाल्या. नेहमी होतात तशा नाही, घाईनं, अंग चोरून. विरेशची बायको शिवानी तर भिंतीलाच टेकली.

विरेशनं मला दंडाला धरून गोठ्यापाशी नेलं. त्याचे डोळे सुजले होते.

"कुठं गेल्ता तुमी मधीच?"

"मधेच म्हणजे? आत्ता येतोय."

"दादा, आत्या दोनच्या सुमाराला आली. आमाला वाटलं तू गाडी लावायलास. कुनाशी बोलली न्हाई, सरळ आत गेली. बाबांचं डोस्कं मांडीवर घेतलं. बाबांनी डोळे उघडले, दादा. दोन दिसांनी उघडले. हसले. शिवानीनं पाण्याचा पेला दिला, तर आत्या पाजायली व्हती. सगळे बघायलो आमी."

"मग?"

"मग न्हाई. मी वळून बघितलं तर बाबांचं डोस्कं गादीवर आदळल्यावानी पडलेलं. पेला खाली, पानी सांडलेलं. आत्या न्हाई. बाबा हात हवेत चाचपायले. अक्का कुठं गेली, म्हणले. दोनदा विचारलं..."

"किती वाजले होते?"

"दोन चाळीस. शिवानीनं घड्याळ बघितलं व्हतं."

मी मोबाईल काढला नाही. मदत क्रमांकाचा फोन ठेवल्याची वेळ त्यात होती. ती मला बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना माती दिली. विरेशनं ते बोलणं परत काढलं नाही, मीही नाही. आईला तर आम्ही कुणीच काही सांगितलं नाही. ती रडली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो, विरेशच्या बोलेरोनं. ही गाडी मी महिनाभर तिथंच सोडली होती, नंतर ट्रकवर घालून आणली.

पोखर्णीच्या पुढं तो पंप आला तेव्हा मी दुसरीकडं बघत होतो. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "दोन घोट गेले त्याच्या पोटात. तिसरा तोंडातच होता."

विरेशचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली नाही, नुसती अडखळली. मी आईला काय विचारणार होतो? आणि तिनं मला विचारलं असतं की बटण का दाबलंस, तर काय सांगणार होतो? पण तिनं नाही विचारलं. आजपर्यंत नाही विचारलं, हाच माझा त्रास आहे.

गाडी घ्यायची तर घ्या. आता जोड मिळतो म्हणतात, सगळ्या मशीनला चालणारा. आई आत आहे, चहा ती करत नाही आता, म्हणून पाण्यावर भागवलं तुमचं. त्या दिवसापासून तिच्या उजव्या हाताची बोटं वळलेली आहेत, हातात पेला धरल्यासारखी. सरळ होत नाहीत. दोन डॉक्टर झाले, नसा ठीक आहेत म्हणाले. रात्री झोपताना मी तो हात टॉवेलनं कोरडा पुसून चादरीवर ठेवतो. सकाळी बघतो तेव्हा तळव्यात पाणी असतं. घोटभर.